रुग्णवाहिका येईपर्यंत

मुलांनो, तुमच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी असेलच. तिच्यात कापूस, पट्ट्या आणि जखमेला लावायचे औषध असते. खरचटलेल्या गुडघ्याला एवढे पुरते. पण खिडकीची काच फुटून एखाद्याच्या दंडातून रक्ताची धार लागली तर? मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मोठी रक्तवाहिनी तुटली, तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोहोचेलच असे नाही.

अमेरिकेला ही गोष्ट फार दुःखद प्रसंगातून उमगली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत एका बंदूकधाऱ्याने वीस मुलांना आणि सहा मोठ्या माणसांना ठार केले. पुढच्याच वर्षी त्या राज्यातील हार्टफर्ड शहरात डॉ. लेनवर्थ जेकब्स या शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने डॉक्टर, सैन्य, पोलीस आणि अग्निशमन दलातील जाणकार एकत्र बसले. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत वेळीच रक्त थांबवल्यामुळे अनेक सैनिक वाचले होते. मग हे काम शाळेतल्या शिक्षकाला, शिपायाला का येऊ नये? २०१५ साली लोकांना ते शिकवण्याची मोहीम सुरू झाली. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला. शाळेत रक्त थांबवण्याचे साहित्य ठेवायचे, कर्मचाऱ्यांना शिकवायचे आणि सातवीपासूनच्या विद्यार्थ्यांनाही शिकण्याची संधी द्यायची.

शिकण्यासारखे फार नाही, पण ते हाताला यावे लागते. एकाने रुग्णवाहिका बोलवावी. आपल्याकडे त्यासाठी १०८ क्रमांक आहे. दुसऱ्याने हातमोजे घालून, जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबावे. रक्त थांबले का, हे पाहायला हात उचलू नये. हळद भरत बसण्याची ही वेळ नव्हे! जखमेत काच रुतली असेल, तर ती ओढू नये. तिच्या कडेने दाबावे. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, टूर्निकेट नावाचा खास पट्टा रक्त थांबेपर्यंत आवळतात आणि वेळ लिहून ठेवतात. डॉक्टर येईपर्यंत तो सैल करत नाहीत. मात्र पट्टा शिकलेल्या माणसानेच बांधलेला बरा.

आणि हे साहित्य कुलूपबंद कपाटात असेल, किल्ली रजेवर गेलेल्या गुरुजींकडे असेल, तर ते असून नसल्यासारखेच.

घडी केलेले कापड बाकावर ठेवून, घड्याळ लावून पाच मिनिटे जोरात दाबून पाहा. थोड्याच वेळात हात भरून येतात. म्हणूनच कोपर ताठ ठेवून अंगाचा भार द्यायला शिकवतात.