दोन आठवड्यांत न दिसणारं मूल

सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने बनवावं, या वादात बहुतेक वेळा आधी पक्ष ठरतात आणि मग कामाकडे पाहिलं जातं. सगळा आराखडा आधी पुरा करून पायरीपायरीने उतरणारी वॉटरफॉल पद्धत एका बाजूला, थोडं बनवून, दाखवून, सुधारून पुढे जाणारी अजाइल दुसऱ्या बाजूला. या दोन्हींवर मी वेगवेगळ्या काळात आंधळा विश्वास ठेवला आणि दोन्हींची किंमत मोजली. म्हणून नव्याने काम हाती घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की अख्ख्या प्रकल्पाला एकच पद्धत लावू नका. त्याच्या एकेका भागाला दोन प्रश्न विचारा. इथलं आपल्याला किती ठाऊक नाही? आणि इथे चुकलो तर ती चूक निस्तरायला काय पडेल?

जव्हार तालुक्यातलं वांगणी घ्या. १९९२-९३ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे हे नाव महाराष्ट्राला कळलं. अशा गावातल्या अंगणवाडीसाठी मुलांच्या वाढीची नोंद ठेवणारं ॲप बनवायचं आहे, असं धरा. त्यातला एक भाग पक्का ठरलेला आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, सेविकांच्या बोलण्यातलं ‘सॅम’. ११.५ पासून १२.५ च्या आतलं मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. वजन आणि उंचीचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिले आहेत. इथे पाड्यावर जाऊन शोधण्यासारखं काही नाही, पण चुकीची किंमत भयंकर आहे. ‘पेक्षा कमी’ आणि ‘इतकं किंवा कमी’ यांतली गल्लत ॲप वापरताना दिसत नाही, धोका दाखवणारा रंग नीट उमटतो, फक्त भलत्या मुलावर उमटतो. म्हणून या भागाला जुनी, शिस्तीची पद्धत हवी. प्रत्येक नियम लिहितानाच त्याची चाचणीही लिहायची: ११.४ ला काय, नेमक्या ११.५ ला काय, ११.६ ला काय. व्ही-मॉडेल म्हणतात ते हेच. ते जुनाट म्हणून टाकून देणाऱ्याने आपण काय टाकतो आहोत हे एकदा पाहावं.

पडद्यावरचे शब्द, बटणं, नोंदीचा क्रम यांचं मात्र उलट आहे. सेविका आधी वजन घेते की हजेरी मांडते, हे दूरच्या कार्यालयात बसून कळत नाही, आणि चुकलं तर बदलायला फारसं पडतही नाही. इथे थोडं-थोडं बनवून दाखवणंच बरं. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची क्षमता कमी आणि त्यातलं ॲप इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. ॲप राज्यभर जाण्याआधी दहा केंद्रांत चार दिवस जरी वापरून पाहिलं असतं, तरी या दोन्ही गोष्टी समोर आल्या असत्या.

खरी परीक्षा तिसऱ्या भागात आहे. जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूलही सोबत जातं. मग मूल कोणत्या अंगणवाडीचं? नोंद केंद्राला बांधली, तर भट्टीजवळच्या केंद्रात ते नवं मूल म्हणून चढतं आणि गावच्या यादीत गैरहजर राहतं. वजन घसरत गेल्याची साखळी नेमकी धोक्याच्या महिन्यांत तुटते. ही रचना मागाहून बदलायची म्हणजे साठलेल्या सगळ्या नोंदी उसवायच्या. म्हणजे माहिती अपुरी, आणि चूकही महाग. अशा जागी आधी लिहून ठेवलेला आराखडा हा अंदाजच असतो, आणि ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणणं हे कर्ज असतं. बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं स्पायरल मॉडेल मला इथे पटतं: सर्वांत मोठा धोका सर्वांत आधी हाती घ्यायचा, त्याच्यापुरता एक कच्चा नमुना करून पाहायचा, आणि मगच पुढचा पैसा लावायचा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सरकारी कामात आधी निविदा निघते, तेव्हा सगळं आधी लिहून द्यावंच लागतं, आणि वॉटरफॉल ही शास्त्रोक्त पद्धत आहेच. विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख या पद्धतीचा उगम म्हणून दाखवला जातो. पण त्यांनी पायऱ्यांची ती आकृती काढून लगेच बजावलं होतं की चाचणी शेवटी ठेवणारी ही सरळ उतरण धोक्याची आहे, आणि नव्या प्रकारचं काम असेल तर एक प्राथमिक आवृत्ती आधी करून पाहा. आकृती सगळ्यांनी उचलली, इशारा राहून गेला. निविदेचं म्हणाल, तर दंडघेराचे नियम तीत दशांशापर्यंत लिहावेत. स्थलांतराच्या भागासाठी पडदे न लिहिता कसोटी लिहावी, आणि पहिला हप्ता कच्च्या नमुन्याच्या चाचणीला जोडावा.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सतत बदलणारं ॲप म्हणजे सेविकेवर प्रयोग. रेंज शोधायला टेकाडावर जावं लागतं तिथे दर पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती उतरवून घ्या म्हणणं हा जाच आहे, आणि मानधनावर काम करणाऱ्या बाईच्या वेळेलाही मोल आहे. हे पूर्ण मान्य. म्हणून बदलाच्या फेऱ्या मोजक्या केंद्रांत, त्या वेळेचा मोबदला देऊन कराव्यात. बाकीच्या केंद्रांत वर्षातून एक-दोनदाच, मुरलेली आवृत्ती जावी.

फेरी किती लांबीची असावी, हेही इथेच ठरतं. अजाइलमधली दोन आठवड्यांची फेरी, म्हणजे स्प्रिंट, बटण कुठे असावं हे शिकवेल, पण गाव सोडून गेलेलं मूल तिच्यात दिसत नाही, कारण त्याचा फेरा सात-आठ महिन्यांचा आहे. नोंदीच्या रचनेची चाचणी म्हणूनच दिवाळीआधी सुरू व्हायला हवी, वांगणीसारख्या गावात आणि भट्टीजवळच्या एका केंद्रात, एकाच वेळी. जूनमध्ये मूल परत आलं की सेविकेने फोन उघडावा. दिवाळीआधीचं वजन, भट्टीवरच्या केंद्रातलं वजन आणि आजचं वजन तिला एका नावाखाली, एका रेषेत दिसलं, तरच पुढच्या कामाच्या कागदावर सही करावी.