नवा आवाज ऐकताना समीक्षक काय ऐकतात? : ‘न्यू ऑर्डर’च्या दोन अल्बमवरून एक पाठ



दहावीच्या मराठीत आपण मुलांकडून कवितेचं रसग्रहण लिहून घेतो. बरीच मुलं ते पाठ करून लिहितात, हे आपल्याला माहीत आहेच. ‘कविता मला खूप आवडली’ या वाक्याच्या पुढे पेन सरकत नाही. यावर एक उपाय म्हणजे कविता थोडी बाजूला ठेवायची आणि मुलांच्या जवळची गोष्ट घ्यायची, ती म्हणजे गाणी. आजच्या पाठासाठी इंग्लंडमधल्या एका बँडचं उदाहरण घेऊया. या बँडचा आवाज बदलला आणि समीक्षकांचं मतही बदलत गेलं. ते का बदललं, हे शोधता शोधता समीक्षा कशी वाचायची तेही समजतं.

पार्श्वभूमी

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली. गाणी छोटी, वेगवान आणि रागीट असायची. वाद्य उत्तम वाजवता आलंच पाहिजे अशी अट नव्हती. त्यानंतर आलेल्या काही बँडनी पंकचा मोकळेपणा ठेवला, पण त्यात रेगे, फंक, इलेक्ट्रॉनिक वाद्यं असं बरंच काही मिसळलं. या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात.

मँचेस्टर परिसरातला ‘जॉय डिव्हिजन’ हा त्यातला महत्त्वाचा बँड. गायक इयान कर्टिस, गिटारवर बर्नार्ड समनर, बेस गिटारवर पीटर हुक आणि ड्रमवर स्टीफन मॉरिस. १९७९ मध्ये त्यांचा ‘अननोन प्लेझर्स’ हा पहिला अल्बम आला. निर्माता मार्टिन हॅनेट याने त्यात वाद्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा ठेवली, त्यामुळे ड्रम रिकाम्या दालनात वाजल्यासारखे घुमतात. त्याच्या मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या लहरी आजही टी-शर्टवर दिसतात. जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याचे ते स्पंद आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा धागा जरूर वापरावा!

कर्टिसला अपस्माराचा आजार होता आणि नैराश्यही होतं. १८ मे १९८० रोजी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. दुसरा अल्बम ‘क्लोजर’ त्याच्या मृत्यूनंतर, जुलैमध्ये आला.

(शिक्षकांसाठी सूचना : हा भाग वर्गात लपवू नये आणि रंगवूनही सांगू नये. ‘तो आजारी होता, त्याला वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही’ एवढं साध्या शब्दांत सांगावं. मन फार जड झालं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोलायचं आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, हेही सांगावं.)

पहिला प्रयत्न : ‘मूव्हमेंट’ (१९८१)

कोणी एक जण गेला तर हे नाव पुढे वापरायचं नाही, असं या मित्रांचं ठरलेलं होतं. त्यांनी शब्द पाळला. ‘न्यू ऑर्डर’ हे नवं नाव घेतलं. कीबोर्ड आणि गिटारसाठी गिलियन गिल्बर्ट आली. गाणार कोण हा प्रश्न होता, शेवटी ते काम मुख्यतः समनरकडे आलं.

नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘मूव्हमेंट’ आला. निर्माता तोच, हॅनेट. ध्वनीही बराचसा तोच, गंभीर आणि थंड. समीक्षकांचं स्वागत कोमट होतं. त्यांच्या म्हणण्याचा एकूण सूर असा की, हा जॉय डिव्हिजनच आहे, फक्त कर्टिस नाही. पुढे खुद्द बँडच्या सदस्यांनीही या अल्बमच्या ध्वनीबद्दल नाराजी बोलून दाखवली.

आता इथे थांबून मुलांना विचारा : हे मत बरोबर आहे का? हे मत न्याय्य आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का! मत बरोबर असू शकतं, कारण सारखेपणा ऐकू येतो. पण ज्यांचा मित्र दीड वर्षापूर्वी गेला, त्यांनी लगेच वेगळ्या आवाजात गावं ही अपेक्षा रास्त आहे का? समीक्षकाने कलाकृतीकडे पाहायचं की ती कोणत्या परिस्थितीत तयार झाली तेही पाहायचं? याचं एकच उत्तर नाही. वर्गात दोन्ही बाजू निघू द्याव्यात.

दुसरा प्रयत्न : ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ (१९८३)

मधल्या काळात बँड न्यूयॉर्कला जाऊन आला होता. तिथल्या नृत्य-क्लबमधलं संगीत त्यांच्या कानात बसलं. मग ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि सुरावट आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारं सिक्वेन्सर हे यंत्र आलं. मार्च १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ ही साडेसात मिनिटांची १२ इंची तबकडी निघाली आणि प्रचंड खपली. मे महिन्यात ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ आला. या वेळी निर्मितीही बँडने स्वतःच केली. गंमत म्हणजे इतकं गाजलेलं ‘ब्लू मंडे’ मूळ ब्रिटिश अल्बममध्ये घेतलंच नव्हतं.

आता समीक्षकांचा सूर बदलला. या बँडला स्वतःचा आवाज सापडला, असं म्हटलं गेलं. आज १९८० च्या दशकातल्या उत्तम अल्बमच्या याद्यांमध्ये त्याचं नाव हमखास येतं. मुखपृष्ठसुद्धा पाहण्यासारखं आहे. फ्रेंच चित्रकार फांतँ-लातूर यांचं गुलाबांच्या टोपलीचं १८९० चं चित्र आणि कोपऱ्यात रंगीत चौकोनांची सांकेतिक पट्टी. बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. जुनं आणि नवं शेजारी शेजारी!

पण सगळंच बदललं का? नीट ऐकलं तर नाही. पहिलंच गाणं ‘एज ऑफ कन्सेंट’ हे गिटार आणि बेसचंच आहे. हुकची बेस गिटार जॉय डिव्हिजनच्या काळात जशी वरच्या पट्टीत सुरावट वाजवायची, तशीच इथेही वाजवते. म्हणजे ‘ते बदलले’ हे अर्धंच वाक्य झालं. काय बदललं आणि काय टिकलं, हे दोन्ही सांगितलं की समीक्षा पूर्ण होते.

समीक्षा वाचताना तीन चाळण्या

१. वर्णन : कानाला प्रत्यक्ष काय ऐकू येतं? उदा. ‘इथे ड्रम मशीन आहे.’ हे तपासता येतं.

२. तुलना : कशाशी तुलना केली? स्वतःच्या जुन्या कामाशी, दुसऱ्या कोणाशी, की समीक्षकाच्या मनातल्या अपेक्षेशी?

३. निवाडा : चांगलं की वाईट? आणि त्यामागे कारण दिलंय का?

विक्रीचे आकडे चौथ्या बाजूला ठेवावेत. ब्रिटनच्या यादीत ‘मूव्हमेंट’ ३० व्या क्रमांकापर्यंत गेला, दुसरा अल्बम ४ थ्या. यावरून किती लोकांनी विकत घेतला ते कळतं, दर्जा नाही. मार्कांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हरकत नाही, नाही का?

वर्गातील उपक्रम (दोन तासिका)

• एखाद्या गायकाची, संगीतकाराची किंवा बँडची दोन वेगवेगळ्या काळातली दोन गाणी निवडा. मराठी, हिंदी, कोणतीही चालतील.
• प्रत्येक गाणं दोनदा ऐकवा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वहीत दोन रकाने करायचे : ‘काय बदललं’ आणि ‘काय टिकलं’.
• ‘छान’, ‘मस्त’, ‘बोअर’ हे शब्द या तासाला बंद!
• शेवटी आठ ओळींचं परीक्षण. त्यात प्रत्येक मताला एक ऐकलेला पुरावा हवा.
• हीच पद्धत नंतर कवितेला लावा. गाण्यातल्या वाद्याच्या जागी कवितेतली प्रतिमा घ्या, ठेक्याच्या जागी लय.

पालकांसाठी दोन शब्द

‘मूव्हमेंट’कडे लोक आज थोड्या मऊ नजरेने पाहतात. पुढे काय आलं ते माहीत असल्यामुळे तो अल्बम आता वाटेतला एक टप्पा वाटतो. आपल्या घरातही असे टप्पे असतात. मोठ्या बहिणीच्या मागोमाग त्याच शाळेत आलेला धाकटा, पहिल्या चाचणीत घसरलेली मुलगी, घरात कोणी गेल्यानंतर गप्प झालेला मुलगा. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना किंवा तो वाचून मुलाशी बोलताना याच तीन चाळण्या वापरून बघा. आधी काय दिसतंय ते सांगा. तुलना करायचीच असेल तर त्याच्याच कालच्या कामाशी करा. आणि निवाडा? त्याची एवढी घाई कशाला! या बँडलासुद्धा दोन अल्बमच्या मध्ये दीड वर्ष लागलं होतं.

हा उपक्रम वर्गात किंवा घरी करून पाहा आणि मुलांनी कोणती गाणी निवडली ते नक्की कळवा.