तौसुग शिकताना मराठी कामी येते

फिलिपाईन्सच्या नकाशात अगदी खाली, बोर्नियोकडे झुकलेली बेटांची एक माळ दिसते. ती सुलू बेटं. तिथली भाषा तौसुग. ‘ताऊ’ म्हणजे माणूस आणि ‘सूग’ म्हणजे समुद्राचा प्रवाह, म्हणून प्रवाहावरची माणसं. मलेशियातल्या साबा राज्यातही ही भाषा बोलतात, तिथे तिला सुलुक म्हणतात. बोलणारे स्वतः तिला ‘बहासा सूग’ म्हणतात. हा ‘बहासा’ आपल्या ‘भाषा’ शब्दाचाच अवतार, मलयमार्गे तिकडे पोचलेला. शिक्षकाला ‘गुरु’च म्हणतात.

सुलुक आणि सूग हे मुळात एकच नाव. दोन सारख्या स्वरांमधला ‘ल’ तौसुगमध्ये गळतो आणि स्वर लांबतो. शेजारच्या सेबुआनो भाषेत तीनला ‘तुलो’ म्हणतात, इथे नुसतं ‘तू’. बाकी आकडे हांबुउक (एक), दुवा, उपात, लिमा असे.

आता व्याकरण. तौसुग शिकण्याची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत आणि मला वाटतं तिथेच गोची होते. इंग्रजीला ज्या गोष्टी पानभर समजावून सांगाव्या लागतात त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या घरातच आहेत. उदाहरणार्थ सर्वनामं. ‘कामि’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. ‘कितानियु’ म्हणजे आपण सगळे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. (होस्टेलमध्ये हिंदी बोलून बोलून आपल्यातलेही काही जण ‘आम्ही पिक्चरला जाऊ, चल’ म्हणतात, त्यांनी जपून!) शिवाय ‘किता’ म्हणजे फक्त तू आणि मी. हे द्विवचन मराठीत नाही, पण शाळेतल्या संस्कृतचं ‘आवाम्’ आठवा. ‘सिया’ मात्र तो आणि ती, दोघांनाही चालतं.

खरी मजा क्रियापदात. वाक्य बहुधा क्रियापदाने सुरू होतं आणि धातूला जोड लागून अर्थ बदलतो. ‘काउन’ म्हणजे खाणे, ‘इस्ता’ म्हणजे मासा. ही दोन वाक्यं बघा:

किमाउन सिया सिन इस्ता.
कियाउन निया इन इस्ता.

दोन्हींत त्याने मासा खाल्लाय. धातूच्या पोटात पहिल्यांदा ‘इम’ घुसला, दुसऱ्यांदा ‘इय’. पहिल्यात वाक्याचा मुख्य मानकरी खाणारा आहे, म्हणून ‘सिया’. दुसऱ्यात मानकरी मासा. त्याला ‘इन’ लागला आणि खाणारा ‘निया’ होऊन बाजूला सरकला. इंग्रजी पुस्तकं याला कर्मणी प्रयोगासारखं म्हणून मोकळी होतात, आणि विद्यार्थ्याला वाटतं की दुसरं वाक्य काहीतरी आडवळणाचं आहे. तसं अजिबात नाही, ते रोजच्या बोलण्यातलं साधं वाक्य आहे. ‘त्याने मासा खाल्ला, त्याने भाकरी खाल्ली’ यात आपलं क्रियापद कोणाचं ऐकतं? खाणाऱ्याचं नाही, खाल्लेल्याचं. आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही. फरक इतकाच की आपण हे भूतकाळात करतो, तौसुग पुढच्या काळातही करते: ‘कुमाउन’ (खाईल, मानकरी खाणारा) आणि ‘काउनुन’ (खाल्ला जाईल, मानकरी मासा). माणसाचं नाव मानकरी असेल तर ‘इन’ऐवजी ‘हि’ लागतो: किमाउन हि अहमद सिन इस्ता.

‘आहे’ हे क्रियापद लागतच नाही. ‘मारायाव इन इस्ता’ म्हणजे मासा चांगला. झालं वाक्य.

नकारातही आपण फायद्यात. ‘बुकुन’ म्हणजे नव्हे: बुकुन आकु गुरु, मी शिक्षक नव्हे. ‘दि’ म्हणजे करणार नाही: दि आकु कुमाउन, मी खाणार नाही. (हा ‘दि’ म्हणताना आवाज घशात झटकन तोडायचा.) ‘अयाव’ म्हणजे नको, करू नकोस. एक लक्षात ठेवा, नकार पुढे आला की ‘आकु’, ‘सिया’ ही सर्वनामं उडी मारून त्याला जाऊन चिकटतात.

कोणी म्हणेल, एवढं कशाला? २०१२ साली फिलिपाईन्सच्या शिक्षण खात्याने सुरुवातीच्या इयत्तांसाठी ज्या १२ मातृभाषा घेतल्या त्यांत तौसुग होती. २०२४ च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती काढून टाकली. मराठी शाळांची चर्चा ऐकत वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सरावासाठी दोन वाक्यं: ‘ती शिक्षिका नव्हे’ आणि ‘आम्ही खाणार नाही (तुझं तू बघ)’. उत्तरं: बुकुन सिया गुरु. दि कामि कुमाउन. दुसऱ्यात ‘कितानियु’ लिहिलं असेल तर समोरच्यालाही उपाशी ठेवलंत.