वारे गेले, चक्कर राहिली

अंगावरून वारे गेलेला माणूस हळूहळू उठून बसतो, हातापायांत शक्ती येते, पण चक्कर मात्र मागे राहते. आमच्या पिंपरी पेंढारसारख्या गावांतून मग चक्करेची गोळी आणली जाते आणि रुग्णाला खाटेवर निजवून ठेवले जाते. नेमके हेच त्याच्या बरे होण्याच्या आड येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

लकवा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार ही समजूत खरी नाही. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ८६ खेड्यांतील दर सात मृत्यूंपैकी साधारण एक लकव्याचा निघाला.

चक्कर म्हणजे नेमके काय होते, हे आधी रुग्णाला विचारावे. घर गरगर फिरते? उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते? की डोके ठीक असून चालताना झोक जातो? पेन्शनसाठी बँकेच्या खिडकीशी येणारी वडीलधारी मंडळी तिन्हींना 'चक्कर'च म्हणतात, पण कारणे निराळी असतात. लहान मेंदूला किंवा मेंदूच्या देठाला इजा झाली असल्यास गरगरते, तोल जातो. अंधारी येत असल्यास रक्तदाब निजून आणि उभे राहून असा दोनदा मोजून घ्यावा. उभे राहताच तो उतरत असेल. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टर बदलतील. आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये, रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही. (अंगारे-धुपारे आणि कबुतराचे रक्त यांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.)

स्टेमेटिलसारखी गोळी पहिले काही दिवस उपयोगी पडते. महिनोन्‌महिने घेतल्यास मात्र नुकसान करते, कारण शाबूत राहिलेला मेंदू डोळे, कान आणि पाय यांच्याकडून येणाऱ्या खबरीवरून तोल नव्याने शिकत असतो आणि गोळी त्याला सुस्त करते. हे शिकणे हालचालीतूनच होते. इंग्लंडात कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात त्यासाठी व्यायाम बसविले. खुर्चीत बसून समोर धरलेल्या अंगठ्यावर नजर ठेवायची व मान सावकाश डावी-उजवीकडे वळवायची, हा त्याच धर्तीचा एक साधा व्यायाम. थोडे गरगरेल, त्याला भिऊ नये. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेऊन रोज थोडा वेळ करावा. उभ्याने करताना भिंत जवळ हवी आणि घरचे कोणीतरी शेजारी हवे.

चक्कर अचानक नव्याने आली, एकाचे दोन दिसू लागले, बोबडी वळली किंवा उभेच राहवेना, तर व्यायाम आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सी.टी. स्कॅन केल्यावरच देता येते.