पुढच्या चाकांची दिशा

चेन्नईच्या उत्तरेस समुद्रकाठी एन्नोर हे उपनगर आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या 'अशोक मोटर्स' या कंपनीने येथे आरंभी ऑस्टिन मोटारींची जुळणी केली. १९५५ साली तिचे नाव 'अशोक लेलँड' झाले. तिच्या सांगाड्यांवर देशभर बसगाड्या व मालमोटारी उभ्या राहिल्या. अशा जुन्या बसच्या सांगाड्यावर घरगाडी बनविली, तर तिच्या पुढच्या चाकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बसमधील उतारू चढतात आणि उतरतात. घरगाडीतील पाण्याची टाकी, कपाटे व शेगडी यांचा भार मात्र कायमचा असतो.

तीन कोन

समोरून पाहिल्यास चाक उभ्या रेषेपासून किंचित कललेले असते, हा कॅम्बर. बाजूने पाहिल्यास किंगपिनचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते, हा कॅस्टर. त्यामुळे वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात. वरून पाहिल्यास दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा थोड्या जवळ असतात, हा टो-इन.

जुन्या बसचा पुढचा आस अखंड पोलादी असल्याने कॅम्बर त्याच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला, तर आस वाकला आहे किंवा किंगपिनचे बुश झिजले आहेत, असे समजावे. मागचे पाटे भाराने खचले, तर गाडीचे तोंड वर उचलले जाऊन कॅस्टर वाढतो व सुकाणू जड होते. येथे उपाय मागच्या पाट्यांवर करावयाचा असतो. नेहमीच्या देखभालीत जुळवावयाचा राहतो तो टो-इन.

मापनापूर्वी

आधी ढिलेपणा शोधावा. मागच्या चाकांना अडण्या लावून आस जॅकने उचलावा व भक्कम आधारांवर टेकवावा. चाक वर-खाली धरून हलविल्यास किंगपिनची व बेअरिंगची झीज कळते. आडवे धरून हलविल्यास टाय रॉडच्या सांध्यांची. झिजलेला सांधा बदलावाच. पुदुपेटचा बाजार जुन्या सुट्या भागांसाठी अनेक दशके प्रसिद्ध आहे. परंतु सुकाणूचे सांधे वापरलेले घेऊ नयेत.

मापन व दुरुस्ती

चाक फिरवीत टायरच्या मध्यावर खडू लावून त्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढावी. गाडी खाली उतरवून, नेहमीच्या सामानासह, सपाट जमिनीवर काही मीटर पुढे ढकलावी. मागे घेऊ नये. टायर थंड असताना त्यांतील हवा सारखी करून घ्यावी. मग आसाच्या उंचीवर दोन्ही रेघांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. मागे १,६५२ मिलिमीटर आणि पुढे १,६४९ मिलिमीटर आले, तर टो-इन ३ मिलिमीटर. योग्य आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

टाय रॉडच्या एका टोकाचे आटे उजवे व दुसऱ्याचे डावे असतात. दोन्ही पकडी सैल करून दांडा पान्याने फिरविला, की त्याची लांबी बदलते. दांडा आसाच्या मागे असेल, तर लांबी वाढविल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट. पकडी घट्ट करून पुन्हा मोजावे.

थोड्या चुकीची किंमत

टायरचा व्यास ९०० मिलिमीटर असून टो-इन ६ मिलिमीटरने अधिक आहे, असे समजा. प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिलिमीटर, म्हणजे व्यासाचा तीनशेवा भाग येतो. असे चाक दर किलोमीटरमागे सुमारे ३.३ मीटर आडवे घासले जाते. चेन्नई ते बंगळूर हे सुमारे ३५० किलोमीटरचे अंतर काटताना ही घासण एक किलोमीटरहून अधिक होते. टायरच्या पृष्ठावरून बाहेरून आत हात फिरविल्यास तो गुळगुळीत लागतो आणि आतून बाहेर फिरविल्यास टोचतो; ही अधिक टो-इनची खूण होय.

मात्र झिजलेले सांधे तसेच ठेवून मोजलेला टो-इन फसवा असतो. गाडी उभी असताना आलेला आकडा ती धावू लागताच बदलतो. म्हणून आधी ढिलेपणा काढावा, मग मोजावे आणि अखेरीस दांडा फिरवावा. हा क्रम उलटला, तर केवळ टायरच नव्हे, गाडीत निजलेली माणसेही धोक्यात येतात.