गोळी परस्पर बंद करू नकोस

चि. बाळास,


प्रेशरच्या गोळीनं पाय गार पडतात म्हणून तू ती परस्पर बंद केलीस, असं ताईनं सांगितलं. ऐकल्यापासून जिवाला चैन नाही.

तुझी तक्रार खोटी नव्हे. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल या जातीच्या गोळ्यांनी काहींचे हातपाय गार पडतात. तुला मधुमेहही आहे, आणि साखर एकदम उतरली की होणारी छातीतली धडधडही त्या झाकून टाकतात. घाम मात्र सुटतो, तेव्हा घामाकडे लक्ष असू दे. पण याच गोळ्या अचानक सोडल्या तर प्रेशर उसळतं, हृदयावर ताण येतो. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांग. पुन्हा सुरू कशी करायची, की दुसरी द्यायची, ते त्यांना ठरवू दे. प्रेशरच्या दुसऱ्या गोळ्यांचंही असंच: अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, रामिप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो. त्यांनाही पर्याय असतात.

प्रेशर उतरलं की पायापर्यंत रक्त पोचणार नाही, ही भीती वॉर्डात काम करताना मी कितीजणांच्या तोंडून ऐकली! खरं तर वर्षानुवर्षं चढलेलं प्रेशरच साखरेच्या जोडीनं रक्तवाहिन्या खराब करतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले. मधुमेहाबरोबर प्रेशर असलेल्यांमध्ये ते काटेकोर आटोक्यात ठेवल्यावर पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. पायाची वाहिनी फारच अरुंद झाली असेल, तर प्रेशर किती उतरवायचं हे डॉक्टर बेतानं ठरवतात. त्यासाठी आधी पाय तपासायला हवा.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर मोजे काढूनच बस. पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी बघायला सांग. घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते 0.9 च्या खाली आलं तर वाहिनी अरुंद झाली असं धरतात. मधुमेहात वाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा फसवा, 1.4 च्याही वर येतो. मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजावं लागतं किंवा डॉपलर तपासणी करावी लागते. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरं वाटतं का, तेही सांग. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस, कारण नसा बधिर झाल्या की दुखणं कळतच नाही. पाय गार लागणंही कधीकधी त्या नसांचंच काम असतं.

आणि एक, कळकळीनं सांगते. गार पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊ नकोस. बधिर पायाला चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो, महिनाभरात जखम हाडापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. सुती मोजे घाल, रोज रात्री तळवे आरशात बघ, देवळातही तापल्या फरशीवर अनवाणी उभा राहू नकोस. तंबाखू मात्र आजपासून बंद. गोळीनं पायाचं जेवढं बिघडेल, त्याच्या कितीतरी पट तंबाखू बिघडवते.

डॉक्टर काय म्हणाले ते रात्री कळव. मी जागी आहे.

तुझी,
मावशी