मेंदूच्या घडणीची पहिली वर्षे

मुलाचे पोट भरले, अंगावर वस्त्र आले की संगोपनाची जबाबदारी संपली, असा समज अद्यापही आढळतो. मेंदूची वाढ मात्र केवळ अन्नावर होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मज्जापेशींमधील जोडण्या अतिशय वेगाने निर्माण होतात. वापरात येणाऱ्या जोडण्या दृढ होतात, न वापरलेल्या लोप पावतात. तान्ह्याने हुंकार द्यावा आणि कोणीतरी त्याला प्रतिसाद द्यावा, या साध्या देवघेवीतून ही घडण होत असते. ती खुंटली तर काय होते, हे रुमानियातील अनुभवावरून दिसून येते.

रुमानियातील अनुभव

लोकसंख्या वाढविण्यासाठी चाउशेस्कू राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर कठोर निर्बंध घातले. पोसण्याची ऐपत नसलेल्या अनेक कुटुंबांनी मुले शासकीय संस्थांकडे सोपविली. १९८९ मध्ये ही राजवट कोसळली, तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. एकेका परिचारिकेकडे अनेक बालके असल्याने त्यांना जवळ घेण्यास, त्यांच्याशी बोलण्यास सवड नसे.

पुढे नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्ट येथे ६ ते ३१ महिने वयाच्या १३६ बालकांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी बालके प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली. उर्वरित बालकांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक प्रगती सरस होती. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. चिंता व नैराश्य यांसारख्या विकारांचे प्रमाणही कुटुंबात वाढणाऱ्या मुलांत कमी आढळले.

नैराश्यामागे आनुवंशिकता, पुढील आयुष्यातील आघात अशी अन्य कारणेही असतात. बालपणी उपेक्षा झालेले प्रत्येक मूल पुढे आजारी पडतेच असे नाही. तथापि, धोका वाढतो आणि उपाय जितका लवकर, तितका गुणकारी ठरतो.

आपल्यापुढील कार्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. मात्र तीन वर्षांखालील बालक बहुतांश वेळ घरीच असते. म्हणूनच सेविकेच्या गृहभेटीत वजनाबरोबरच बाळाशी घरात कोण बोलते, कोण खेळते, याचीही विचारपूस व्हावी. अनाथ बालकास शक्य तितक्या लवकर कुटुंब मिळावे, यासाठी पंचायत सदस्यांनी दक्ष राहावे. शिक्षकांनीही मागे पडणाऱ्या मुलास ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी त्याचे बालपण जाणून घ्यावे. अंगाईगीत व चिऊकाऊच्या गोष्टी यांना पैसा लागत नाही. लागतो तो मोठ्या माणसांचा वेळ.